पडदा वेगळा, डबा वेगळा

समोरचे काका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आम्हा दोघांना नमस्कार करण्याच्या आधी त्यांनी आमच्या टीव्हीच्या मागे डोकावून पाहिलं. टीव्ही नवा होता. पेढे वाटावेत असा नसला तरी शेजाऱ्यांना दाखवावा असा नक्कीच होता. भिंतीवर चपखल बसवलेला, एकही वायर दिसत नव्हती. तेवढ्यासाठीच समोरच्या फ्लॅटमधल्या काका-काकूंना आम्ही चहाला बोलावलं होतं. काकूंनी समोरून पाहिलं आणि "छान आहे हो," म्हणाल्या. काका भिंतीला गाल टेकवून, एक डोळा मिटून, टीव्ही आणि भिंत यांच्यामधल्या फटीत काहीतरी शोधत राहिले. मग सरळ झाले, हात झटकले आणि विचारलं, "काढता येतं का?"

"काय?"

"आतलं डोकं. इंटरनेटचं सगळं आतच दिलंय ना? ते बिघडलं तर काढता येतं का?"

"नवा आहे हो. बिघडेल कशाला?" माझ्या बायकोने विचारलं.

"आपण आशावादी आहात," असं म्हणून ते चहाला बसले. हा शब्द शिवीसारखाही वापरता येतो हे माझ्या बायकोला माहीत आहे, ती सदाशिव पेठेत वाढली आहे. तिने बिस्किटांची बशी त्यांच्यापासून जरा लांब ठेवली.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरीपेक्षा झुंबर कशावर टांगलंय याची त्यांना जास्त काळजी असते. धायरीतल्या आमच्या सोसायटीत ती जागा काकांकडे होती. नव्या वस्तूची लोक किंमत विचारतात, रंग दुसरा मिळाला असता का विचारतात. काका फक्त "काढता येतं का?" एवढंच विचारायचे. सेक्रेटरींनी नवी गाडी घेतली. तिच्यात एसी, गाणी, नकाशा, सगळं एकाच पडद्यावर होतं. गाडीला हार घातलेला, सेक्रेटरींच्या हातात नारळ, आणि काकांनी खिडकीतून मान आत घालून विचारलं, "हा पडदा गेला तर एसी कशाने बंद करणार?" सेक्रेटरींनी नारळ जरुरीपेक्षा जास्त जोरात आपटला. त्यांच्या पँटवर पाणी उडालं.

नोकरीची सगळी वर्षं काकांनी भोसरीच्या एका कारखान्यात काढली. मशीनची कंट्रोल पॅनेलं डिझाइन करणं हे त्यांचं काम. त्या पॅनेलात म्हणे कपाटात पुस्तकं लावावीत तशी कार्डं ओळीने खोचलेली असत. मशीन बंद पडलं की दोषी कार्ड ओढून काढायचं, त्या जागी दुसरं खोचायचं आणि लाइन चालू करायची. बिघडलेलं कार्ड मग टेबलावर घेऊन निवांत बसायचं. "एका पार्टसाठी सगळ्यांना उपाशी ठेवायचं नाही," असं ते सांगत. लोक निवृत्त होताना कंपनीकडून घड्याळ किंवा शाल घेऊन येतात. काका हे तत्त्व घेऊन घरी आले आणि ते ठेवायला त्यांना अख्खा हॉल लागला.

त्या हॉलमध्ये टीव्ही नव्हता, "नुसता पडदा" होता. त्याला स्वतःचं काही डोकं नव्हतं, आणि तसा बिनडोक पडदा मिळावा म्हणून काकांनी शहरातल्या बऱ्याच दुकानदारांचं डोकं खाल्लं होतं. पडद्याखालच्या टेबलावर डबे ओळीने मांडलेले. एक केबलचा, एक इंटरनेटवरच्या मालिका-सिनेमांचा, एक आवाज मोठा करणारा, एक जुन्या सीडींचा. पाचवा एक होता, त्याचं काम मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. तो बाकीच्यांची भांडणं सोडवतो, असं ते म्हणत. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात तिचं नाव. सोसायटीत मागून त्यांना 'डबेवाले' म्हणत आणि त्यांना ते माहीत होतं. "डबे आहेत म्हणून म्हणतात. नसते तर काय म्हणाले असते?" असं त्यांनी एकदा मला जिन्यात विचारलं.

काकांचं डब्यांच्या पलीकडेही तेच होतं. फोन फक्त फोनसाठी. फोटो काढायला कॅमेरा वेगळा, गजराचं घड्याळ वेगळं, टॉर्च वेगळी, कॅल्क्युलेटर वेगळा. दोघं महाबळेश्वरला निघाले की काकूंची पर्स एखाद्या छोट्या दुकानासारखी व्हायची.

त्यांचं बोलणं चीड आणणारं होतं, आणि बहुतेक वेळा खरं निघायचं, त्यामुळे जास्त चीड यायची. आमचा तो चपखल टीव्ही काही वर्षांतच एका संध्याकाळी म्हणाला की हे ॲप यापुढे या टीव्हीवर चालणार नाही. काच ठणठणीत, रंग झकास, आवाज खणखणीत, आणि बघायला काही नाही. मी मान खाली घालून समोरचं दार वाजवलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला, परत लावला आणि म्हणाले, "अभिनंदन."

मग आतून एक तळहाताएवढा डबा घेऊन आले आणि पाच मिनिटांत आमच्या टीव्हीला जोडून दिला. "पडदा तरुण आहे तुमचा, डोकं म्हातारं झालंय," ते म्हणाले. "आता दर चार-पाच वर्षांनी नुसतं डोकं बदला." डबा उत्तम चालला. मात्र भिंतीवरून एक काळी वायर लोंबायला लागली, आणि माझी बायको कोणी पाहुणे आले की त्या वायरीच्या पुढे उभी राहून बोलायला लागली.

गणपतीतही तेच झालं. सोसायटीने एक चाकांचा स्पीकर घेतला होता. त्यातच माइक, त्यातच बॅटरी, त्यातच रंगीत दिवे. आरतीनंतर सेक्रेटरी भाषणाला उभे राहिले आणि "माझ्या बंधू-भगिनींनो"च्या पुढे बॅटरीने मान टाकली. माइक गेला, गाणी गेली, दिवेही गेले. काका पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. कोणीतरी येऊन विचारेपर्यंत ते हलले नाहीत. विचारल्यावर घरून आपला आवाजाचा डबा, आपले स्पीकर आणि आपला माइक आणून जोडला. सेक्रेटरींचं भाषण मग पाऊण तास चाललं. "एवढं चालेल असं वाटलं नव्हतं," काका मला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसत होता.

या सगळ्यात काकूंचं काय होत होतं ते सांगायला हवं. काकू मूळच्या अमरावतीच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या त्याला इतकी वर्षं झाली की एरवी त्यांच्या बोलण्यात कुठे वऱ्हाड सापडायचं नाही. पण राग आला किंवा भीती वाटली की ते आपोआप वर यायचं. त्यांची एक मालिका इंटरनेटच्या डब्यावर सात वाजता लागायची आणि ती लावायला तीन रिमोट लागायचे. सगळे रिमोट स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या स्टँडमध्ये उभे करून ठेवलेले. आधी आवाजाचा डबा, मग पडदा, मग इंटरनेटचा डबा. क्रम चुकला की पडद्यावर निळा अंधार आणि 'सिग्नल नाही'. रोज सातला पाच कमी असताना समोरच्या दारातून हाक ऐकू यायची, "अहोऽऽ!"

"अगं, किती वेळा सांगितलं. आधी आवाजाचा."

"आमच्या अमरावतीला एक बटण होतं. खट् केलं की लागायचं."

"आणि बिघडलं की?"

"बिघडत नव्हतं ना! तुम्ही नव्हते ना तिथं!"

मग काका क्रमाने तीन रिमोट दाबायचे, प्रत्येक वेळी काय केलं ते मोठ्याने सांगायचे, आणि काकू त्या वेळी पंख्याकडे बघायच्या. त्या शिकल्या नाहीत. गंमत बघा, या माणसाने घरातल्या प्रत्येक वस्तूला बदली शोधून ठेवली होती. जादा वायर होती, जादा डबा होता, जादा रिमोट होता. टीव्ही लावायला मात्र त्यांच्या स्वतःशिवाय दुसरं कोणी नव्हतं. मी हे एकदा हसत हसत बोलून दाखवलं. ते म्हणाले, "डिझाइनमध्ये एवढी एक त्रुटी राहिली आहे खरी," आणि विषय बदलला.

इथपर्यंत सगळा हसण्याचाच मामला होता. मग काकांची बायपास झाली.

ऑपरेशन चांगलं झालं. पायातली शीर काढून छातीत बसवली. हे ऐकल्यावर मला मनातून बरंच वाटलं होतं, कारण काकांना यापेक्षा पटणारी शस्त्रक्रिया असूच शकत नव्हती. ते घरी आल्यावर मी भेटायला गेलो तो विनोद तयार करूनच. "काय काका, इथलं काढलं, तिथे बसवलं. काढता येतं म्हणायचं!"

ते हसले नाहीत. छताकडे बघत म्हणाले, "नाही हो. माणूस सगळा एकातच आहे. एक गेलं की सगळं जातं."

एवढं बोलून त्यांनी कूस बदलली. काकांनी टोमणा मारला नाही याची भीती वाटेल, असं त्या दिवसापर्यंत मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

ते उठेचनात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सकाळ-संध्याकाळ चालायचं, आधी घरात, मग बाहेर. तपासणीच्या दिवशी ते काकूंना आणि मला बाहेर नेऊन स्पष्टच बोलले. जखम भरते आहे, हृदय चाललं आहे, पण हे असेच पडून राहिले तर छातीत कफ साठेल, पायात गाठी होतील, आणि पुन्हा आणावं लागलं तर मी काही सांगू शकत नाही. काका उठतात की नाही, एवढाच प्रश्न होता आणि तो त्यांच्या जिवाचा होता. काकांना तो समजत नव्हता असं नाही. त्यांना त्यात रस उरला नव्हता. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येत असे. तिला त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं, "आपण फार छान शिकवता. उद्यापासून येऊ नका." बाथरूमपर्यंत जायचे आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. हॉलमधल्या डब्यांवर धूळ बसली. सातची हाक बंद झाली.

काकू आमच्याकडे दही विरजणाला मागायला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "हे उठूनच नाही राहिले," म्हणाल्या. "काय करू मी? रागवून पाहिलं, रडून पाहिलं. ऐकूनच नाही राहिले." माझी बायको त्यांचा हात धरून आत घेऊन गेली. मी उगीचच पाण्याचे ग्लास भरत राहिलो.

अशात त्यांच्या मुलाने बंगळुरूहून टीव्ही पाठवला. मुलगा चांगला आहे, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि बापाच्या काळजीने त्याची झोप उडाली होती. टीव्ही भला मोठा, सगळं आतच असलेला, रिमोटसुद्धा नको, नुसतं बोलायचं. तो बेडरूममध्ये लावायचा होता. फोनवर तो काकूंना सांगत होता ते मलाही ऐकू येत होतं, इतक्या उत्साहाने बोलत होता. "आई, बाबांना उठायची गरजच नाही! पडल्या पडल्या सांगायचं, हे लाव, ते लाव!"

काकूंनी फोन ठेवला. दारात दोन माणसं ते खोकं धरून उभी होती.

"हे आमचं नाही," काकू म्हणाल्या.

"मॅडम, नाव तर तुमचंच आहे."

"नाव आमचं आहे. वस्तू आमची नाही."

इतकी वर्षं पुण्यात राहून काही गोष्टी त्याही शिकल्या होत्या. खोकं परत गेलं.

त्या दिवशी संध्याकाळी मुलाचा मला फोन आला. "दादा, आईला समजवा ना. कमाल आहे! बाबांच्या डब्यांबद्दल आयुष्यभर तीच तर ओरडत होती. आता सोपं काही देतोय तर परत पाठवते?" मलाही कमाल वाटली. रिमोटने भरलेला चमच्यांचा स्टँड माझ्या डोळ्यांपुढे आला. समजवायचं कबूल करून मी समोर गेलो.

दार लोटलेलं होतं. काकू टीव्हीच्या टेबलाशी वाकल्या होत्या. डब्यांवरची धूळ पुसलेली दिसली. त्यांनी हात मागे घातला, न बघता एक वायर चाचपली, टोक धरून अलगद बाहेर काढली आणि तिथेच सोडून दिली. मग वळल्या, मला पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. खुर्चीत बसून पदर सारखा केला आणि हाक मारली, "अहोऽऽ! चित्र दिसत नाहीये!"

काकूंनी कान बेडरूमच्या दाराकडे लावला.

"अहो, ऐकलं का? सिग्नल नाही म्हणतोय!"

"क्रम चुकला असेल," आतून खोल गेलेला आवाज आला.

"आधी आवाजाचा, मग पडदा, मग इंटरनेटचा. तीनदा केलं."

मी काकूंकडे बघत राहिलो. क्रम त्यांनी घडाघडा म्हटला होता.

"डबा बंद करून चालू कर."

"केला."

"मग राहू दे."

"राहू दे कसं? आज तिचं लग्न मोडणार आहे मालिकेत. बोलावू का मी त्या केबलवाल्या पोराला? तो म्हणत होता, या सगळ्या वायरी काढून टाकतो, एकच ठेवतो."

पलंग करकरला. चपला फरफटत आल्या आणि काका भिंतीला धरून दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, बनियनच्या वर टाक्यांची रेघ दिसत होती. माझ्याकडे त्यांनी लक्षही दिलं नाही. टेबलापर्यंत आले, एका हाताने टेबल धरून दुसरा हात मागे घातला आणि वायर खोचली. चित्र आलं.

"वायर निघाली होती," ते म्हणाले. धाप लागली म्हणून खुर्चीत बसले. "फडक्याने पुसताना ओढली असशील. पुसायचं तर नीट पुसावं."

"मी काही हात लावला नाही हं तुमच्या वायरींना."

"मग काय आपोआप निघाली?"

"मला काय माहीत? तुमचंच डिझाइन!"

बसल्या बसल्या त्यांनी काकूंना वायरी कशा पुसाव्यात ते सांगितलं. ते संपेपर्यंत मालिका अर्धी झाली होती. काकू पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरून वाहत होते. मालिकेतलं लग्न खरोखरच मोडलं होतं, त्यामुळे त्याचं कोणाला नवल वाटलं नाही. मी घरी आलो. मुलाला फोन करून सांगितलं की तुझ्या आईला सध्या जुनंच बरं पडतंय, तू जोर करू नकोस.

त्यानंतर रोज काहीतरी बिघडायला लागलं. एक दिवस वायर, एक दिवस रिमोटचे सेल, एक दिवस दोन वायरींची अदलाबदल. इंटरनेटचा राउटर बाहेरच्या दाराजवळ होता, तर त्याचं बटण बंद. म्हणजे बेडरूमपासून दारापर्यंत जाणं आलं. काकूंची कल्पकता बघून मी थक्क झालो. ज्या बाईला तीन रिमोटचा क्रम येत नव्हता, तिला आता ही सगळी मांडणी कुठून कशी अडवायची ते तोंडपाठ होतं. सगळं एकात असतं तर हे त्यांना जमलं नसतं. तो बंगळुरूचा टीव्ही एक तर चालला असता, नाही तर अख्खा बंद पडला असता. इथे रोज थोडंसंच बिघडवता येत होतं, आणि काकांना थोडंसंच उठावं लागत होतं.

काका हळूहळू दाढी करायला लागले. "काय चाललंय काय या घरात?" असं त्यांनी एकदा इतक्या मोठ्याने विचारलं की आमच्याकडे ऐकू आलं. माझ्या बायकोने त्या आनंदात शिरा केला.

मग एका संध्याकाळी वायरच गायब झाली. दुकान धायरी फाट्याच्या अलीकडे, काका म्हणाले मीच जातो, दुसऱ्याला माप कळणार नाही. काकूंनी मला खुणावलं म्हणून मी बरोबर निघालो. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदाच गेटच्या बाहेर पडत होते. गेटपाशी सेक्रेटरी भेटले. त्यांनी रोजच्या बिघाडांची हकिकत ऐकलेली होती आणि गाडीच्या नारळाच्या वेळचं ते विसरले नव्हते.

"काय काका, डबे दमले का शेवटी? म्हणून म्हणतो, एकात सगळं असलेलं बरं."

आता सेक्रेटरींची सालटी निघणार याबद्दल मला शंका नव्हती.

"बरोबर आहे तुमचं," काका म्हणाले. "जुने झालेत. रोज बिघडतात."

सेक्रेटरीसुद्धा गोंधळले. आम्ही पुढे निघालो. सिंहगड रस्त्याचा नेहमीचा गोंगाट चालला होता, काका सावकाश पाय टाकत होते. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "तुम्ही त्यांचं ऐकून कसं घेतलंत?"

ते थांबले. छातीवर हात ठेवून जरा दम घेतला.

"असं बघा," ते म्हणाले, "ती वायर आपोआप निघत नसते. घट्ट बसते. मी स्वतः बसवली आहे."

"म्हणजे तुम्हाला..."

"पहिल्याच दिवशी कळलं. आणि आज जी हरवली आहे ती तुरीच्या डाळीच्या डब्यात आहे. दुपारी पाणी प्यायला गेलो तेव्हा टोक दिसत होतं."

"मग आपण निघालोय कुठे?"

"वायर आणायला."

"अहो, पण वायर घरात आहे!"

"असू दे की. मी ती डाळीतून काढून लावली तर उद्या ती काय करेल? तिच्याकडे आता अडवायला फार काही उरलेलं नाही. बिचारी विचार करून करून दमली असेल." ते परत चालायला लागले. चालता चालता म्हणाले, "मात्र काढायची पद्धत बरोबर आहे तिची. वायर ओढत नाही, टोक धरून काढते. म्हणजे इतकी वर्षं पंख्याकडे बघत होती तेव्हा लक्ष होतं."

मी रस्त्यावरच्या बसकडे बघायला लागलो. मला त्या दोघांचा फार हेवा वाटला, तो अजूनही वाटतो.

दुकानात त्यांनी वायरीचं टोक नखाने तपासलं, दुकानदाराला दोन प्रश्न विचारून हैराण केलं, आणि वायर घेतली. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "मिळाली का?" "मिळाली," ते म्हणाले. "फार लांब जावं लागलं." काकूंनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. काकांनीही माझ्याकडे पाहिलं. मी दोघांकडे पाहून मान हलवली. दोघांनी आपापलं गुपित माझ्याकडे वेगवेगळं ठेवायला दिलं होतं. मी ते वेगवेगळंच ठेवलं.

पुढे दोन-अडीच वर्षं तो टीव्ही सुखाने बिघडत राहिला. काका फाट्यापर्यंत चालायचे, कधी त्याच्या पुढेही. सोसायटीत सगळे म्हणायचे की डब्यांचा प्रयोग फसला, आणि ज्या माणसाने आयुष्यात कधी वादात हार मानली नव्हती तो ते मान डोलावून ऐकून घ्यायचा. रोज सातला पाच कमी असताना समोरून हाक यायची आणि त्यामागोमाग भांडण. आमच्या घरी त्या वेळी कुकर लावायची पद्धत पडली होती.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी जेवून ते आडवे झाले आणि उठले नाहीत. या वेळी कोणी काही बिघडवून उपयोग नव्हता. मुलगा आला, दिवसकार्य झालं, त्याने काकूंना बंगळुरूला चल म्हणून खूप विनवलं. काकू नाही म्हणाल्या. त्याने निदान नवा टीव्ही तरी घेऊ का विचारलं. त्यालाही नाही म्हणाल्या. त्याने परत मला फोन केला. मी या वेळी समजावण्याचं कबूल केलं नाही.

मुलगा परत गेल्यावर काही दिवसांनी मी सात वाजायच्या सुमाराला समोर गेलो. खरं तर कान हाकेची वाट बघून दमले होते म्हणून गेलो. काकू खुर्चीत बसल्या होत्या. मला बसायला सांगून त्यांनी एक रिमोट उचलला, मग दुसरा, मग तिसरा, एकाकडेही न बघता. आवाज आला, पडदा उजळला, मालिका सुरू झाली. आम्ही दोघं बघत राहिलो.

"काही अडलं तर हाक मारा हं, काकू," मी म्हणालो. "वायर-बियर निघाली, बिघडलं काही तर."

काकूंनी पडद्यावरून नजर काढली नाही.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "आता काहीच बिघडून नाही राहिलं."